पोंक्ष्यांच्या मुलीचा गणवेश

"मुलगी काय करत्ये?" असं कुणी विचारलं, की परशुराम पोंक्षे सांगत, "पुण्याला बी.एस्सी. करत्ये." यात खोटं काही नव्हतं. मनस्विनी खरंच बी.एस्सी. करत होती. फक्त त्या पदवीपुढचा 'नर्सिंग' हा शब्द ते गिळून टाकत आणि लगेच विषय आंब्याच्या मोहोरावर नेत.

पोंक्षे नेवऱ्याचे. रत्नागिरीतल्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं होतं. घरामागे हापूसची चाळीसेक कलमं, पुढे सारवलेलं अंगण, आणि गावात शब्दाला वजन. मनस्विनी ही थोरली, मुकुल धाकटा. बारावीला मनस्विनीचं डॉक्टरकीचं थोडक्यात हुकलं, तेव्हा पोंक्ष्यांनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, ठरवलं की तिने रत्नागिरीतच पदवी घ्यावी आणि मग बघू. मनस्विनीने मात्र पेपरातली जाहिरात वाचून लष्कराच्या नर्सिंग कॉलेजची परीक्षा दिली, ती पासही झाली, आणि मग घरात सांगितलं.

"पोंक्ष्यांच्या घरातली मुलगी परक्या पुरुषांची अंगं पुसणार?" अण्णा म्हणाले.

"पुसणार," मनस्विनी म्हणाली.

तिला लांबलचक बोलण्याची सवय नव्हती. आई, सुमेधाबाई, दोघांच्या मध्ये भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं नि म्हणाल्या, "तिला सोडायला मी जात्ये पुण्याला. तुम्ही जेवायला बसा." त्या घरात असे निर्णय बहुतेक भाताच्या वेळीच होत.

चार वर्षांनी, शहाण्णव साली, मनस्विनी लेफ्टनंट झाली. त्या समारंभाला आई नि मुकुल गेले. अण्णांनी आंब्यांची घाई आहे म्हणून सांगितलं. तेव्हा ऑगस्ट होता आणि झाडांवर पानांखेरीज काही नव्हतं. खांद्यावर तारे लावायला आईवडिलांना बोलावतात. एका खांद्यावर आईने लावले, दुसऱ्यावर मुकुलने.

अठ्ठ्याण्णव साली तिची बदली उधमपूरच्या लष्करी रुग्णालयात झाली. पुढच्या उन्हाळ्यात वर डोंगरात लढाई सुरू झाली आणि सर्जिकल वॉर्डात खाटा पुरेनाशा झाल्या. त्या दिवसांबद्दल मनस्विनीला विचारलं, तर तिला तोफा आठवत नसत, कारण तिने त्या ऐकल्याच नव्हत्या. तिला कात्री आठवे. जखमी जवान आणला, की त्याचे कपडे उतरवत बसायचं नसतं; ते कापायचे असतात. पायाच्या घोट्यापासून वर कमरेपर्यंत, मनगटापासून खांद्यापर्यंत. हात कुठे मोडला आहे, पाठीत काय घुसलं आहे, ठाऊक नसतं. म्हणून माणूस हलवायचा नाही, कापड हलवायचं. जाड कापड, त्यात वाळलेलं रक्त. कात्री मध्येच अडे. छातीवरची नावाची पट्टी तेवढी वाचवायची, म्हणजे कोण आहे ते कळतं. उरलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात साचे आणि वॉर्डबॉय तो पोत्यात भरून नेई. पहिल्या आठवड्यात तिच्या अंगठ्याला फोड आला. नंतर तिथे घट्टा पडला.

इकडे रत्नागिरीत टीव्हीवर रोज लढाईच्या बातम्या. शाळांतून मदतफेऱ्या निघाल्या, बाजारात जवानांचे फोटो लागले. आणि परशुराम पोंक्ष्यांची भाषा बदलली. "माझी मुलगी आर्मीत ऑफिसर आहे," ते सांगू लागले. "लेफ्टनंट. सध्या तिकडेच आहे. वर." 'वर' म्हणताना ते हात असा उंच करत, की ऐकणाऱ्याला बर्फाचा सुळका दिसावा. हेही खोटं नव्हतंच. उधमपूर रत्नागिरीच्या वरच येतं.

दोन हजार साल उजाडलं आणि मनस्विनी महिन्याच्या रजेवर घरी आली. ती येऊन पाठ टेकते न टेकते तोच अण्णांनी सांगितलं, की शहरातल्या एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला आहे आणि त्यांनी होकार देऊन टाकला आहे.

"गणवेशात यायचंय," ते म्हणाले. "त्यांनी मुद्दाम सांगितलंय. पण तो पांढरा नको हं, दवाखान्यातला. तू थंडीतला हिरवा कोट आणलायस ना? तो घाल."

"अण्णा, रत्नागिरीत लोकरी कोट?"

"संध्याकाळी जरा गारवा असतो."

गारवा कसला, पंखा लावल्याशिवाय बसवत नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच वडील तिच्या नोकरीबद्दल हौसेने काही बोलत होते, आणि तिला ते मोडवेना. तिने मेट्रनना फोन करून परवानगी मागितली. मेट्रन म्हणाल्या, "राजकीय सभा नाही ना? तसल्या ठिकाणी गणवेशाने पाऊल टाकायचं नाही. साधा सत्कार असेल तर जा. पण घालशील तर नीट घाल."

तिने नीट घातला. सभागृह भरलं होतं. निवेदकाने माईक हातात घेतला आणि शिखरं, बर्फ, गोळ्यांचा वर्षाव, शत्रूच्या उरात धडकी असं काय काय सांगून शेवटी तिला रणरागिणी करून टाकलं. टाळ्या थांबेनात. कोटाखाली मनस्विनीच्या पाठीवरून घामाची धार चालली होती. पहिल्या रांगेत अण्णा ताठ बसले होते; त्यांचे डोळे ओले झालेले तिला मंचावरून दिसले. तिला बोलायला सांगितलं, तेव्हा ती माईकपाशी गेली. खरं काय ते सांगायचं ठरवूनच ती उठली होती. पण समोर ते ओले डोळे होते. "मी माझं काम केलं," एवढंच म्हणून ती खाली बसली. लोकांना तो विनय वाटला आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर नारळ-शाल सांभाळत ती पायऱ्या उतरत होती, तेव्हा एक शेतकरी माणूस गर्दीतून पुढे आला. डोक्याला टोपी, पायांत नव्या कोऱ्या चपला, चालताना चावणाऱ्या. त्याने हात जोडले.

"मी महिपत. संगमेश्वराकडचा. आमचा इनोद पन तिकडंच व्हता, बाय. त्येचा हात जखमी झालाय. तुमी वर व्हतात, तर तुमी त्येला लढताना बगितलं असंल. कसा लढला वो?"

मनस्विनीने अण्णांकडे पाहिलं नाही. या माणसाला 'मी माझं काम केलं' म्हणून वाटेला लावणं तिला जमेना.

"दादा, मी वर नव्हते. मी लढाईत नव्हतेच. मी खाली इस्पितळात होते. नर्स आहे मी."

महिपतचा चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं. तो उजळला.

"शिस्टर? तुमी शिस्टर हाव?" त्याने तिच्या कोटाच्या बाहीला हात लावला. "मग इनोद सांगतो ती तुमच्यातलीच कुनीतरी! पोरगा सांगत व्हता, आये, तिकडची शिस्टर नसती तर माजा हात गेला व्हता. कंच्या हास्पिटलात तुमी?"

"उधमपूरला. तुमचा मुलगा कुठे होता?"

"श्रीनगरात."

"मग मी नव्हते, दादा. दुसरी कुणी असेल."

"असूं दे," महिपत म्हणाला. "शिस्टर ती शिस्टर." आणि एवढ्या माणसांसमोर तो तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून उभं केलं.

घरी जाताना रिक्षात अण्णा म्हणाले, "ते त्याला सांगायची काय गरज होती? मागे मंडळाचे देसाई उभे होते."

घरी आल्यावर मनस्विनीने कोट काढून बॅगेच्या तळाशी घातला आणि आईला सांगितलं, की यापुढे गणवेश कामावर. बाहेर कुठल्याही समारंभात नाही. आई म्हणाली, "बरं. आधी आंघोळ कर, अंगाला मीठ फुटलंय."

ते तसंच राहिलं असतं. पण वर्षभराने मुकुलचं लग्न ठरलं.

मुलगी चिपळूणची, नाव अवनी. तिचे वडील डॉक्टर, बाजारपेठेत त्यांचा दवाखाना. अण्णांना स्थळ फार पसंत होतं आणि त्याचीच त्यांना धास्तीही होती. डॉक्टरच्या दवाखान्यात नर्स काय करते हे डॉक्टरला सांगावं लागत नाही, हे ते जाणून होते. पांढऱ्या कपड्यांतली बाई, जिला 'सिस्टर, ते आणा' म्हणतात. ठरावाच्या बैठकीत त्यांनी मुलाच्या बहिणीबद्दल सांगितलं ते इतकंच, की ती आर्मीत ऑफिसर आहे आणि लग्नाला गणवेशात येणार आहे. चिपळूणकर मंडळी खूष झाली. विहीणबाईंनी तर वधूवरांच्या मागे गणवेशातली नणंद उभी आहे असा फोटो मनात काढूनही ठेवला.

मनस्विनी लग्नासाठी शिमग्याच्या सुमारास घरी आली, तेव्हा तिला हे सगळं कळलं.

"मी शब्द दिलाय," अण्णा म्हणाले.

"तुम्ही माझ्या कपड्यांचा शब्द दिलात, अण्णा. मला न विचारता."

"लोक हौसेने घालतात. अभिमानाची गोष्ट आहे. सैनिकाने समाजात गणवेशात दिसलं पाहिजे, म्हणजे लोकांना आदर वाटतो."

"गणवेश कामाचा असतो. मी तिथे जेवायला नि अक्षता टाकायला जाणार. त्याला साडी बरी."

अण्णांनी ताटावरून उठायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन दिवस घरात वाटीला वाटी लागली तरी आवाज यावा अशी शांतता होती. मुकुल बिचारा सगळ्यांना चहा विचारत हिंडत होता.

त्याच आठवड्यात महिपतचा निरोप आला. वर्षभरात त्याने ओळख सोडली नव्हती. पावसाळ्यात काकड्या, दिवाळीला नवे पोहे असं कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवत असे. मुलगा विनोद बरा होऊन पुन्हा पलटणीत रुजू झाला होता आणि आता शिमग्याला रजेवर आला होता. 'पालखीला यायचंच' असा निरोप होता. घरातल्या त्या शांततेपेक्षा ढोल बरे म्हणून मनस्विनी एस.टी.त बसली.

देवीची पालखी वाडीच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, आली होती. ढोल-ताशा टिपेला पोचला होता, गुलालाने हवा लाल झाली होती, आणि पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत एक जण पूर्ण गणवेशात होता. कमरेला पट्टा, पाय तेवढे अनवाणी; बूट नि टोपी कुणीतरी धरली होती. उजवा हात दांडीवर. त्या हाताची दोन बोटं नव्हती. पालखी डावीकडे झुकली की तो झुके, उसळली की उसळे, आणि त्याच्या शर्टाची पाठ घामाने काळी झाली होती.

"तो आमचा इनोद," हौसा म्हणाली. ती महिपतची बायको. तिने मनस्विनीला ओढून आपल्याशेजारी पुढे उभं केलं होतं.

नाच थांबल्यावर विनोद धापा टाकत आला. महिपतने सांगितलं, "ह्या शिस्टर. लेपटनंट हायत." ते ऐकताच विनोदचे पाय जुळले आणि त्याने खाडकन सलाम ठोकला. मनस्विनी पंजाबी ड्रेसमध्ये होती, तिच्या केसांत गुलाल होता. ती गडबडली.

"मॅडम," विनोद हळूच म्हणाला, "रिपोर्ट नाय ना करणार? वर्दी घालून नाचलो म्हणून? परवानगी नाय घेतली."

"मी रजेवर आहे," मनस्विनी म्हणाली. "रजेवर मला लांबचं दिसत नाही."

तो हसला. मग तिने विचारलं, कारण तिला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं: "पण का घातलीस?"

विनोदने आईकडे पाहिलं. उत्तर हौसानेच दिलं.

"मीच सांगितलं, बाय, घाल म्हनून. त्येला जकमी झालेला आयकलान तवा गावात कुनी म्हनत हात गेला, कुनी म्हनत पाय गेला, एक जन तर म्हनला पोरगाच गेला नि आये-बापसाला कळवला नाय. म्हटलं, हाय तसा, वर्दीसकट देवीसमोर नाचू दे. सगल्यांनी बगू दे."

"जुनी वर्दी कापली ती इस्पितळात," विनोद म्हणाला. "शुद्ध आली तेव्हा अंगावर काय नव्हतं. मी सिस्टरला विचारलं, माझी वर्दी? ती म्हणाली, नवीन मिळेल. ही ती नवीन."

मनस्विनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत असे कपडे तिने कित्येक हाताळले होते, पण ते बहुतेक आडवे, ओले आणि कात्रीच्या तोंडाशी. नाचून घामेजलेला, सगळी बटणं लागलेली, दोन्ही बाह्या खांद्याला धड जोडलेल्या, असा गणवेश तिने इतक्या जवळून बघितला नव्हता. तिला रडू वगैरे आलं नाही. तिने हौसाने दिलेली पुरणपोळी खाल्ली, देवीला नारळ दिला आणि शेवटच्या गाडीने परत आली.

वाटेत तिला वाटलं, की आपण नियमाचं नाव पुढे केलं खरं, पण भांडण नियमाशी नव्हतं. विनोदने नियम मोडला होता आणि तिला ते लागलं नव्हतं. त्याने घातलेला त्याचा होता. त्याच्या आईला जे दाखवायचं होतं ते त्यात दिसत होतं. अण्णांना मात्र गणवेशात तिला झाकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा मागच्या कलमांत होते. झेल्याने, काठीला लावलेल्या जाळीने, आंबे उतरवण्यासारखे अजून फार नव्हते, पण ते झेला घेऊन हिंडत होते. मनस्विनी तिथे गेली.

"अण्णा, मी गणवेश घालत्ये लग्नात. मेट्रनना विचारत्ये."

त्यांनी झेला झाडाला टेकवला. चेहरा एकदम सैल झाला. "तेच म्हणत होतो मी. कोट आणलायस ना?"

"कोट नाही. पांढरा."

"पांढरा?"

"तोच माझा. वर्षाचे दहा महिने तोच घालत्ये."

"लग्नात पांढरा कोण घालतं? लोकांना वाटेल, कुणा आजाऱ्याबरोबर नर्स आल्ये!"

"नर्सच आल्ये."

अण्णांनी कुंपणापलीकडे कुणी नाही ना ते पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कळत नाही. लोक काय काय बोलतात त्या कामाबद्दल."

"लोक नाही हो बोलत. तुम्हीच बोलता, नऊ वर्षं." आणि मग, ज्याबद्दल ती घरी कधीच काही बोलली नव्हती, ते तिने सांगितलं. कात्री कुठून घालायची, कापड कसं अडतं, नावाची पट्टी कशी वाचवायची, पोती कशी भरायची. ती ते वॉर्डात नव्या मुलींना सांगावं तसंच सांगत होती, आवाज न चढवता. "गणवेशाला मान असतो म्हणता ना? मी किती कापलेत, मोजले नाहीत. ज्यांचे कापले त्यांतले बरेच जण चालत घरी गेले. काही नाही गेले. माझं काम ते आहे. हिरवा कोट मी थंडी वाजते म्हणून घालत्ये."

अण्णा खाली बसले, कलमाच्या आळ्याच्या कडेवर. त्यांनी एक कैरी उचलली, पुसली, परत ठेवली. मग म्हणाले, "साडीच नेस. ती आईने काढून ठेवल्ये, मोरपिशी."

हा होकार होता की माघार, हे मनस्विनीला तेव्हा कळलं नाही. तिने साडी नेसायचं कबूल केलं.

लग्न रत्नागिरीतल्या एका कार्यालयात लागलं. मनस्विनी मोरपिशी साडीत, केसांत अबोली घालून करवली म्हणून मिरवली. चिपळूणच्या विहीणबाई तिला शोधत होत्या आणि ती समोर उभी होती तरी त्यांना सापडत नव्हती, कारण त्या गणवेश शोधत होत्या. शेवटी त्यांनी अण्णांनाच गाठलं.

"गणवेशात येणार होत्या ना?"

"नाही मिळाली परवानगी," अण्णा म्हणाले. "फार कडक असतं त्यांचं." मनस्विनीने हे ऐकलं आणि सोडून दिलं. लग्नघरात एवढं चालतं.

पण तेवढ्यात महिपत, हौसा आणि विनोद आले. विनोदने पांढरा सदरा घातला होता. महिपतला सभागृहाच्या दारातूनच मनस्विनी दिसली, आणि शेताच्या बांधावरून हाक मारायची सवय असलेला तो माणूस तिथूनच ओरडला, "शिस्टर! ओ शिस्टर पोंक्षे! हिकडं बगा, आमी आलाव!"

मंगलाष्टकं नुकतीच संपली होती, वाजंत्रीवाले दम घेत होते. सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं. लोकांनी वळून पाहिलं. अण्णांच्या हातात पेढ्यांचं तबक होतं, ते त्यांनी जवळच्या खुर्चीवर ठेवलं. मनस्विनी पाहुण्यांतून वाट काढत गेली आणि तिने हौसाचा हात धरून तिला आत आणलं.

"सिस्टर म्हणजे?" विहीणबाईंनी विचारलं. "नर्स का?"

"हो," मनस्विनी म्हणाली. "लष्करात नर्सिंग ऑफिसर आहे मी. सर्जिकल वॉर्डात."

"अगं बाई!" विहीणबाई म्हणाल्या, आणि आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "मग तुला विचारायला हरकत नाही. माझा हा गुडघा बघ गं, जिना चढताना कटकन वाजतो. आमचे हे डॉक्टर, पण घरच्या माणसाला कधी हात लावतील तर शपथ."

तिथून जे सुरू झालं ते पंगत उठेपर्यंत. चिपळूणच्या एका काकूंची साखर, नेवऱ्याच्या आत्यांचं रात्री उशीवर डोकं टेकलं की चक्कर येणं, कुणाच्या सुनेचा पाचवा महिना. मनस्विनी एका खांबापाशी उभी राहून सगळ्यांना सांगत होती की डॉक्टरांना दाखवा, आणि डॉक्टर, म्हणजे अवनीचे वडील, पलीकडे बसून ते ऐकत होते. शेवटी त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढून आणली आणि तिला बसवलं.

"नव्व्याण्णव साली कुठे होतात?"

"उधमपूरला."

"जखमा कसल्या असायच्या जास्त? स्प्लिंटरच्या?"

मग दोघांचं जे बोलणं रंगलं, त्यातलं निम्मं इतरांना कळण्यासारखं नव्हतं. अण्णा दहा हातांवर, पानसुपारीच्या टेबलाशी उभे होते. ते पुढे आले नाहीत आणि लांबही गेले नाहीत. डॉक्टर मध्येच त्यांच्याकडे वळून म्हणाले, "पोंक्षे, अहो, हे काही सांगितलं नाहीत तुम्ही! मला चिपळुणात धड एक सिस्टर टिकत नाही हो. ही तुमची तर लष्कराने पळवली."

अण्णा हसले. त्यांनी डॉक्टरांना पान दिलं.

नऊ वर्षं ज्या एका शब्दाचा त्यांनी धसका घेतला होता, तो शब्द भर सभागृहात मोठ्याने उच्चारला गेला होता. त्यावर कुणाचं जेवण अडलं नाही, कुणी काढता पाय घेतला नाही. अण्णांना हायसं वाटलं, की एवढी वर्षं उगाच राखण केल्यासारखं वाटलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रात्री सुमेधाबाईंनी त्यांना विचारलं, दमलात का. ते म्हणाले, "नाही. पण पाय दुखतायत." त्यावर सुमेधाबाई म्हणाल्या, "मग मनूला दाखवा, सगळ्या गावाने दाखवलं," आणि कूस बदलून झोपल्या.

चार दिवसांनी मनस्विनी परत निघाली. तिला स्टेशनवर सोडायला एरवी मुकुल जाई. तो सासुरवाडीला गेला होता, म्हणून अण्णा गेले. गाडी उशिराने येत होती. दोघं बाकावर बसली. समोरच्या रुळांपलीकडे कापलेल्या जांभ्याच्या डोंगराची लाल भिंत तापली होती.

अण्णांनी विचारलं, "तुझ्या वॉर्डात एका वेळी पेशंट किती असतात गो?"

"चाळीस. कधी जास्त."

"आणि तुम्ही किती जणी?"

"दिवसा तिघी. रात्री एकच."

अण्णांनी मनातल्या मनात काही तरी भागाकार केला असावा. "कमी आहात," ते म्हणाले.

"कमीच आहोत."

"मग सगळ्यांकडे बघायचं कसं, एकटीने?"

ती सांगू लागली. कुणाला आधी बघायचं, हाक न मारणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष कसं ठेवायचं, पहाटे कुणाचं दुखणं वाढतं. ते मध्येमध्ये विचारत होते, गणिताचे मास्तर विचारतील तसे, पायरी गाळली की थांबवून. गाडीची घोषणा झाली, तेव्हा ती सलाईनच्या थेंबांचा हिशेब कसा लावतात ते सांगत होती आणि त्यांना तो अजून नीट कळला नव्हता. तिने बॅग उचलली. अण्णांनी आंब्याची करंडी डब्यात चढवून दिली, आणि गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. तेव्हा सांग उरलेलं."